सुटीतही अंग मोकळे ठेवा



वार्षिक परीक्षा संपली, की शाळेतला जिम्नॅस्टिक्सचा सराव थांबतो. सर सुटीवर जातात, गाद्यांच्या खोलीला कुलूप लागते. आपल्या विदर्भात ऊन कडक, म्हणून शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. घाटावर बुलढाणा-चिखलीला थोडे तरी सोसवते. पण घाटाखाली खामगाव, नांदुरा, मलकापूरकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत मुलांनी करावे तरी काय, असा प्रश्न आई-वडिलांना पडतो.

आधी हे समजून घ्या, की सगळी मेहनत सुटीत वाया जात नाही. अंगातली ताकद दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी टिकते. दम आणि लवचीकपणा मात्र लवकर कमी होऊ लागतो. पण कमावलेले टिकवायला, ते कमावताना लागले त्याहून पुष्कळ कमी कष्ट पुरतात. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास नेमाने व्यायाम आणि रोज खेळणे-बागडणे, एवढे बस्स. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते.

सोण कोळिविस या भिक्खूची कथा आपल्याला ठाऊक आहे. श्रीमंताघरचा हा तरुण पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण करीत राहिला, आणि शेवटी निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचेच उदाहरण दिले. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. सुटीतल्या व्यायामालाही हाच मध्यम मार्ग लागू आहे.

व्यायाम सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर करावा. पाच मिनिटे दोरीवरच्या उड्या. मग १५ बैठका आणि १० जोर. लहान मुलांनी गुडघे टेकून जोर काढले तरी चालतील. नंतर पाठीवर पडून, कंबर जमिनीला चिकटवून, खांदे व पाय थोडे उचलून २० सेकंद थांबावे, असे तीनदा. स्पर्धेतला बीम फक्त १० सेंटिमीटर रुंद असतो. अंगणात खडूने तेवढ्याच रुंदीचा पट्टा आखून त्यावर चालावे, म्हणजे तोल राहतो. अंग तापल्यावर शेवटी ताण द्यावा, प्रत्येक बाजूला ३० सेकंद. ताण जाणवावा, कळ येऊ नये. वाढत्या वयात गुडघा दुखत असेल तर उड्या थांबवाव्यात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. वाळूच्या ढिगावर, सिमेंटवर किंवा विहिरीच्या काठावरून हवेतली कोलांटी मारू नका. मानेला मार लागला तर जन्माचे अपंगत्व येऊ शकते. ते प्रकार गादीवर आणि सरांसमोरच. जूनमध्ये परतल्यावरही पहिला आठवडा निम्माच सराव करावा.

तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. फार घाम गेला, थकवा आला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून द्यावे, चमचा चहाचा. डोके दुखले, मळमळले, चक्कर आली, तर लगेच सावलीत न्यावे आणि ओल्या कापडाने अंग पुसावे. मूल बरळू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर दवाखाना गाठण्यास उशीर करू नये. खाण्यात भाकरी, वरण, शेंगदाणे, फुटाणे आणि जमेल तेव्हा अंडे असावे. वजन कमी करण्यासाठी मुलींना उपाशी ठेवू नका.

साधने नाहीत, ही अडचण खरीच आहे. पण त्रिपुराच्या दीपा कर्माकरची सुरुवात आठवा. तिच्या सुरुवातीच्या सरावाचे साहित्य जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून बनवले होते. तिचे तळपायही सपाट होते. चिकाटीने व्यायाम करून तिने त्यावर मात केली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात ती चौथी आली. कांस्यपदक फक्त ०.१५ गुणांनी हुकले.

शेवटी आयांना एक विनंती. सुटी लागली, की मुलाला मैदान मिळते आणि मुलीच्या हाती हंडा, झाडू आणि धाकटे भावंड येते. लग्नसराईत तर तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. मग जूनमध्ये, ‘आता मोठी झाली, पुरे झाले’ म्हणून तिचा खेळच सुटतो. पाळी सुरू झाली म्हणूनही खेळ बंद करण्याचे कारण नाही. घरकाम भावाबहिणीत वाटून द्या आणि तिचा अर्धा तास राखून ठेवा. संध्याकाळी वंदना झाल्यावर विहाराच्या सभागृहात सतरंज्या अंथरून मुली एकत्र व्यायाम करू शकतील. महिला मंडळाच्या दोघीजणी आळीपाळीने तिथे बसल्या, तर कोणालाच काळजी उरणार नाही. पैसा लागत नाही, फक्त ठरवावे लागते. येत्या रविवारी वंदनेनंतर हा विषय काढाच.