शिडशिडीत मुलाचे कोलेस्टेरॉल

काही वर्षांपूर्वी एक माउली आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा शिडशिडीत, चपळ. तक्रार एवढीच, की कोपरांवर व गुडघ्यांवर पिवळसर गाठी आल्या होत्या. चामखीळ समजून दोन ठिकाणी मलमे झाली होती आणि, कबूल करावयास हवे, पहिल्या भेटीत मीही मलमच लिहून दिले. पुढच्या खेपेस ती सहज बोलून गेली, "ह्याचा मामा अडतिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला." तेव्हा कुठे मी रक्त तपासावयास पाठविले. कोलेस्टेरॉल ७२०! अहवालांची अदलाबदल झाली असावी अशा शंकेने तपासणी पुन्हा करविली; आकडा जवळपास तोच. आईवडील आते-मामे भावंडे.

फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया हे नाव आपण सर्वांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असते. रक्तातील एलडीएल उचलून घेणारे यकृतपेशींवरील रिसेप्टर जन्मतःच उणे किंवा निकामी असतात. त्यांच्या शोधासाठी ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले. सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेली माणसे अडीचशेत सुमारे एक. उपचार न झाल्यास त्यांतील निम्म्या पुरुषांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. दोघांकडून आले, तर विशीही धोक्याची. आपल्या बेळगाव भागात मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे, हे येथे विसरून चालणार नाही.

माझा आग्रह हृदयरोगतज्ज्ञ मित्रांपाशी आहे. पंचावन्नच्या आतील पुरुषाला किंवा पासष्टच्या आतील स्त्रीला झटका आला, की स्टेंट घालून घरी पाठविताना मुलांच्या लिपिड तपासणीची चिठ्ठीही हाती द्यावी. नऊ ते अकरा वर्षांच्या सरसकट सर्व मुलांची तपासणी करावी, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०११ मध्ये सुचविले. मी तेवढे मागत नाही. आणि आम्ही बालरोगतज्ज्ञ? वजन, उंची, लसी सारे विचारतो. आजोबा कशाने गेले, हे विचारीत नाही.

मुलाला आयुष्यभर गोळी कशाला, पथ्य पुरे, असे पुष्कळांना वाटते. या आजारात केवळ पथ्याने भागत नाही. नेदरलँड्समध्ये एकाच पालकाकडून दोष आलेल्या मुलांना लहानपणीच स्टॅटिन सुरू करून वीस वर्षे पाहिले. २०१९ च्या अहवालानुसार वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यात हृदयविकार एक टक्का. त्यांच्या बाधित पालकांत त्याच वयापर्यंत सव्वीस टक्के. माझ्या रुग्णासारख्या दुहेरी वारशात मात्र स्टॅटिन एकटे पुरत नाही. म्हणून तर उशीर परवडत नाही.

त्या मुलाची बहीण तेव्हा चौदा वर्षांची होती. तिलाही दोष असण्याची शक्यता चारांत तीन. "मुलीच्या नावावर आजाराचा कागद नको, डॉक्टर, उद्या स्थळे येतील," वडील म्हणाले. त्यांचे मन वळविण्यात माझी दोन वर्षे गेली. तिचे एलडीएल २६० निघाले.