श्रावणातला पिझ्झा आणि सोमवारची भगर

श्रावण लागला की नाशिकच्या स्वयंपाकघरांचा क्रम पालटतो. सोमवारी त्र्यंबकेश्वराची वाट गजबजते, तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी होते, आणि ज्या जिल्ह्यातील लासलगावच्या कांद्याचे नाव देशभर घेतले जाते तेथीलच कित्येक घरांत आषाढातील कांदेनवमीनंतर कांदा-लसणास थारा उरत नाही. अशाच एका घरात, म्हणजे आमच्या, यंदा मुलांनी पिझ्झ्याचा हट्ट धरला. चातुर्मासात बाहेर जाऊन खाण्यास आमची अनुमती नव्हती. तेव्हा घरीच करावा असे ठरले आणि कोणता जिन्नस चालतो, कोणता नाही, याचा खल सुरू झाला.

परदेशी म्हणून तो वर्ज्य, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. बटाटा, रताळे, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही फराळाच्या ताटातील सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातील; पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती आपल्याकडे रुळली. आपल्या पणज्यांनी ती पारखली आणि उपवासास लावली. परकेपणाचा वाद त्यांनीच मिटविला आहे. पाहावयाचे ते हे, की पदार्थाच्या पोटात काय आहे.

या कसोटीवर सर्वांत अवघड ठरते ते चीज. दूध घट्ट करण्यासाठी त्यात रेनेट नावाचे द्रव्य घालतात आणि ते परंपरेने दूधपित्या वासराच्या जठरातून काढीत. हे ऐकताच आमच्या मातोश्रींनी कानांवर हात ठेवले. आता सूक्ष्मजीवांपासून मिळविलेले रेनेटही वापरले जाते, आणि पाकिटबंद शाकाहारी पदार्थावर हिरवे चिन्ह छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. तेव्हा ते चिन्ह पाहून घेतलेल्या चीजविषयी आम्ही निःशंक आहोत. मातोश्री नाहीत. त्यांच्यासाठी लिंबाने दूध फाडून पनीर केले, तर ते किसूनही वितळेना. आंबटाने फाडलेल्या दुधातील चुना पाण्याबरोबर निघून जातो, म्हणून पनीरास तार सुटत नाही. शिवाय फाटलेले दूध नैवेद्यास न चालणारी घरेही आहेत. अखेर चक्का उपयोगी पडला. तो आचेवर पाणी सोडतो. म्हणून तवा उतरविल्यावर थोड्या लोण्यात कालवून वरून पसरावा.

तळाच्या भाकरीसाठी मैदा आम्ही टाळला. पेठ-सुरगाण्याकडील नागली निम्मी घातली, तेव्हा कडा तडकल्या. तीन वाट्या कणकेस एक वाटी नागली, दही आणि चिमूटभर सोडा, हे प्रमाण बसले. झाकण ठेवून तव्यावर भाजली, त्यामुळे भट्टीचे अडले नाही. टोमॅटोच्या रसात कांदा-लसणाऐवजी हिंग आणि आले, आणि ओरेगॅनोच्या जागी चुरडलेला ओवा. धाकट्याने वृंदावनातील तुळशीची पाने सुचविली. ती आम्ही साफ नाकारली. इटालियन लोक ज्या पानांनी पिझ्झा सजवितात ती आपल्या सब्ज्याची पाने होत. सब्ज्याची कुंडी गच्चीत होती.

इथवर सारे सुरळीत होते. मग सूनबाईंनी विचारले, मग सोमवारी फराळी पिझ्झा का नको? प्रयोग म्हणून तोही केला. नाशिक हे भगरीच्या गिरण्यांचे गाव. भगर ताजी मिळते. ती निवडून घरीच दळली, कारण भगरीच्या सुट्या पिठास दमट हवेत बुरशी धरते आणि ते खाऊन विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. भगर-साबुदाण्याची भाकरी गरम असता बरी वाटली, गार होताच पापडासारखी मोडली. उकडलेला बटाटा मिसळल्यावर टिकली. राजगिरा लवकर करपला. शिंगाड्याचा तर दगडच झाला. हिंगही गाळावा लागला, कारण बाजारी बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. टोमॅटोवर घरात मतभेद झाले, म्हणून लाल भोपळा आणि आमसूल.

चव वाईट नव्हती. पण ताटाकडे पाहिल्यावर आम्हांस संकोच वाटला. बटाटा, साबुदाणा, लोणी, चक्का! रोजच्या जेवणाहून जड असा हा उपवास, आणि त्यापायी दोन बायकांची सबंध दुपार चुलीपाशी गेलेली. श्रावणी सोमवार सायंकाळी सुटतोच. मधल्या काही तासांत जिभेस थोडे थांबविता येऊ नये, तर उपवास धरावयाचा तो कशासाठी? जिन्नस सारे शास्त्रास धरून असले तरी फराळी पिझ्झा आम्हांस पटत नाही. साबुदाणावड्याविषयीही आमचे हेच मत आहे, हे सांगितले की घरात कोणी आमच्याशी बोलत नाही.

मातोश्रींनी तो पिझ्झा दुरूनच पाहिला आणि भगर व दाण्याची आमटी मागून घेतली. नागलीचा मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी दोनदा घेतला, चक्का लावून. येत्या सोमवारी सर्वांना भगर-आमटीच आहे. पिझ्झा बुधवारी, पीठ दळून आले आहे.