विश्वस्त कुणाचे?

महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्था काढायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांच्या सह्या लागतात. पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद होते आणि या सह्या करणाऱ्यांचे 'विश्वस्त' होतात. संस्था दंगलीत घर गेलेल्यांसाठी असो, निर्वासितांसाठी असो, की अल्पसंख्याक वस्तीतल्या मुलींच्या शिक्षणासाठी असो, ही सात नावे एकदा वाचून पाहा. एक निवृत्त अधिकारी, एक डॉक्टर, एक वकील, एक व्यापारी देणगीदार, संस्थापक, संस्थापकांच्या पत्नी आणि 'समाजातून' घेतलेले एक प्रतिष्ठित गृहस्थ. ज्या बाईच्या हलाखीचे वर्णन करून निधी मागितला, तिचे नाव या यादीत नसते. ती दुसऱ्या यादीत असते. त्या यादीचे नाव 'लाभार्थी'.

मैत्रिणींनो, पहिल्या यादीत आणि दुसऱ्या यादीत नेमके किती अंतर आहे, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. विश्वस्त मंडळ म्हणजे वर्षातून चार वेळा चहा-बिस्किटे खाऊन सह्या करणारी माणसे, खरे काम तर वस्तीत चालते, अशी कार्यकर्त्यांमध्ये समजूत असते. ती चुकीची आहे. केंद्र सकाळी उघडायचे की संध्याकाळी, जागा मशिदीच्या आवारात घ्यायची की बाजारात, कुणाला कामावर ठेवायचे आणि कुणाला काढायचे, कोणत्या प्रकरणात पोलिसात जायचे आणि कुठे गप्प बसायचे, हे सगळे अखेर मंडळाच्या ठरावाने ठरते. ठरावाच्या वहीत जिचा हात पोचत नाही, तिच्या आयुष्याचे निर्णय दुसरेच घेतात.

मी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि तेव्हापासून वस्त्यांमध्येच काम करते. अभ्यासक्रमात 'लोकसहभाग' हा शब्द पानोपानी होता. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी लोकसहभाग म्हणजे बायकांनी सतरंजी अंथरायची, पाहुण्यांना फुले द्यायची आणि हजेरीपटावर अंगठा उठवायचा.

एका वस्तीतला अनुभव सांगते. तिथली बरीच कुटुंबे १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली घरे सोडून आलेली. आमच्या समुपदेशन केंद्रात मारहाणीच्या तक्रारी येऊ लागल्या. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखाली आम्ही दोघीजणींचे अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेले. महिन्याभरात मंडळाने ठराव केला, की संस्थेने कौटुंबिक बाबींत पडू नये, अशा तक्रारी आधी समाजातील ज्येष्ठांकडे पाठवाव्यात. ज्येष्ठ म्हणजे कोण? तर 'समाजाचे प्रतिनिधी' म्हणून मंडळावर असलेले तेच गृहस्थ आणि त्यांच्या बैठकीतली मंडळी. त्यांनी "निभावून घे" म्हणून परत पाठवल्यावरच या बाया आमच्याकडे आल्या होत्या! मंडळावर एकच स्त्री होती, ती त्या दिवशी गैरहजर होती. गणपूर्ती झाली, ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात त्याला तीन ओळी पुरल्या. पुढे केंद्रात येणाऱ्या बाया कमी झाल्या, आणि वार्षिक अहवालात छापले गेले : 'वस्तीतील कौटुंबिक तक्रारींचे प्रमाण घटले.'

त्या सात जणांत कुणी दुष्ट नव्हते. त्यांना वस्तीची कळकळ होती, संस्थेसाठी त्यांनी पदरमोडही केली होती. पण वस्ती म्हणजे त्यांना वस्तीतले पुरुषच दिसत होते. बाहेरच्यांशी भांडताना समाज एक असतो, हे खरे आहे. दंगलीत, रेशनच्या रांगेत, भाड्याचे घर नाकारले जाताना तो एकच असतो. घराच्या आत मात्र तो एक नसतो. अल्पसंख्याक समाजातली स्त्री ही अल्पसंख्याकांतली अल्पसंख्याक. तिला बाहेर धर्माच्या नावाने मार बसतो आणि आत इज्जतीच्या नावाने. समाजाचा प्रतिनिधी म्हणून एक पुरुष मंडळावर घेतला, की तिचे प्रतिनिधित्व झाले असे मानणे म्हणजे मारणाऱ्याच्या भावाला साक्षीदार करणे.

हे वाचून "बघा, त्यांच्या समाजात असेच असते" असे कुणी म्हणणार असेल, तर थांबावे. बहुसंख्याकांच्या जातपंचायती काही वेगळ्या वागत नाहीत. त्यांच्या वाळीत टाकण्याला आवर घालायला महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. शिवाय अल्पसंख्याक समाजातल्या बाया बोलत नाहीत, हेही खोटे. १९८२ साली जळगावात मुस्लिम स्त्रियांना सिनेमाबंदी झाली तेव्हा रझिया पटेल आणि त्यांच्या मैत्रिणी उभ्या राहिल्या. त्यांना कुठल्या मंडळाने नेमले नव्हते. मुंबईत 'आवाज-ए-निस्वाँ' मुस्लिम बायांनी स्वतः उभी केली. लंडनच्या साउथॉलमध्ये १९७९ साली आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांनी 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' काढली. गोऱ्यांचा वंशद्वेष आणि आपल्याच घरातली मारहाण, दोन्हींशी एकदम लढता येते, हे त्यांनी दाखवून दिले. जिथे बायांच्या हातात वही आली, तिथे 'कौटुंबिक बाब' हा शब्द खोडला गेला.

ज्यांच्यासाठी संस्था, त्यांनाच कारभारात जागा का नको, या प्रश्नाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ मध्ये अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा चिटणीस. डॉ. आंबेडकर सुरुवातीला तिच्या मध्यवर्ती मंडळावर होते, थोड्याच काळात बाहेर पडले. पुढे अस्पृश्यांनी व्यवस्थापनात जागा मागितली तेव्हा गांधीजींची भूमिका अशी होती, की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ऋण फेडायचे ते ऋणकोने, म्हणून संस्था सवर्णांनीच चालवावी. १९४५ च्या आपल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी या युक्तिवादाचा पुरता समाचार घेतला. प्रायश्चित्त करणाऱ्याच्या हातीच तिजोरी राहिली, तर ज्याचे देणे आहे तो कायमचा याचक होतो. आज प्रायश्चित्ताची भाषा गेली आहे. तिच्या जागी 'सबलीकरण' आले. तिजोरीच्या किल्ल्या मात्र जागच्या जागी आहेत.

सरकारी कायदेसुद्धा या बाबतीत आपल्या पुढे गेले. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला किमान एक स्त्री संचालक घेणे भाग पाडले. त्याच वर्षी वक्फ मंडळांवर किमान दोन स्त्रिया हव्यात, अशी दुरुस्ती झाली. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या समितीत निम्म्या स्त्रिया आणि अध्यक्षपदी स्त्रीच हवी, असा कायदाही २०१३ चाच. धर्मादाय संस्थेच्या विश्वस्त मंडळाला मात्र अशी अट नाही. म्हणजे नफा कमावणाऱ्या कंपनीला बाई लागते, आणि बायांच्या दुःखावर निधी मिळवणाऱ्या संस्थेला लागत नाही!

आता नेहमीच्या सबबी पाहू.

"त्या शिकलेल्या नाहीत, त्यांना हिशेब कळणार नाही." बचत गटाची वही ज्या बाया वर्षानुवर्षे पै-पैशाला जुळवून ठेवतात, त्यांना जमाखर्च कळत नाही? ताळेबंद किती विश्वस्त वाचतात, हे सनदी लेखापालाला खासगीत विचारा. तो बोट दाखवतो तिथे सही होते.

"मदत घेणारीच विश्वस्त झाली तर हितसंबंधांचा प्रश्न येतो." जरूर येतो. तिचे स्वतःचे प्रकरण निघेल तेव्हा तिने बाहेर बसावे, हा नियम करा. मग तोच नियम भाच्याला इमारतीचे कंत्राट देणाऱ्या विश्वस्तालाही लावा.

"पैसा कोण आणणार?" देणगीदारांची सल्लागार समिती करा, त्यांचा मान ठेवा. पैसा आणणे हे एक काम आहे. तो कुठे खर्च व्हावा हे ठरवण्याचा हक्क त्याच्याबरोबर आपोआप येत नाही.

"एक बाई घेतली आहे ना." एकटी बाई मंडळात शिक्क्यासारखी असते. तिच्या ठरावाला अनुमोदन द्यायलाही दुसरी कुणी नसते. दोघीतिघी असल्या तरच एक बोलते आणि दुसरी ते इतिवृत्तात लिहायला लावते.

निर्वासित स्त्रियांच्या बाबतीत मात्र अडचण खरी आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक मागितले, परदेशी व्यक्तीकडून पारपत्राची प्रत मागितली. जीव वाचवून पळून आलेल्या बाईकडे बहुधा यांतले काहीच नसते. पण कायद्याने सही अडवली म्हणून आपण तिचे मतही अडवायचे का? संस्थेच्या नियमावलीत निर्वासित स्त्रियांची समिती लिहून घेता येते. तिच्या संमतीशिवाय केंद्राची जागा, वेळ, कर्मचारी आणि तक्रारींचे धोरण बदलणार नाही, असे कलम घालता येते. निर्वासितांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाने २००१ साली निर्वासित स्त्रियांना जी पाच वचने दिली, त्यांत छावण्यांच्या व्यवस्थापन समित्यांमधला सहभाग होता. आणि ज्यांची एक वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यात नोर्ग्येलिंगला आहे, त्या तिबेटी निर्वासितांच्या संसदेत प्रत्येक प्रांताच्या दहा जागांपैकी दोन स्त्रियांसाठी राखीव आहेत. दहात दोन फार नाहीत, पण आपल्या किती संस्था एवढे तरी करतात?

ही मागणी दुसऱ्यांकडे करताना स्त्री संघटनांनी आपलीही यादी काढावी. १९९५ साली दलित स्त्रियांना स्वतःचा राष्ट्रीय महासंघ काढावा लागला, तो काही उगीच नाही. आपल्या मंडळांवर बाया आहेत, पण कोणत्या? मुंब्र्याच्या, उल्हासनगरच्या, भटक्यांच्या पालातल्या किती?

म्हणून पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक गटाने चार कामे करावीत. एक, आपल्या भागात निर्वासित आणि अल्पसंख्याकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या विश्वस्तांची नावे मिळवावीत. धर्मादाय कार्यालयातली नोंद सार्वजनिक असते, तिची नक्कल मागता येते. दोन, निम्म्या जागा त्याच समाजातल्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या स्त्रियांना द्याव्यात, आणि त्या बायांच्या सभेतून निवडलेल्या असाव्यात, असा लेखी प्रस्ताव द्यावा. तीन, 'तहहयात' हा शब्द नियमावलीतून काढून ठराविक मुदत घालण्याचा आग्रह धरावा. चार, इतिवृत्त वस्तीच्या भाषेत वाचून दाखवले जावे आणि विश्वस्त बाईची बुडालेली रोजी संस्थेने भरून द्यावी. घरकामाचे पाच तास सोडून बैठकीला येणारीला 'सेवाभाव' शिकवू नये.

मंडळ बदलले की बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने हे काम एका तिमाहीचे आहे. आपला अंकही तिमाहीच निघतो. कोणत्या संस्थेने काय उत्तर दिले ते लिहून कळवा. नकाराचे पत्र आले तर तेही पाठवा.