श्वासाचा खर्च कोणी सोसावा?

सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट विकाराने जर्जर झालेल्यांच्या घरी आता नेब्युलायझर दिसू लागला आहे. औषधी द्रावाचे तुषार करून ते श्वासावाटे आत पोचविणारे हे यंत्र धाप लागलेल्यास दिलासा देते, हे निर्विवाद. परंतु बहुधा ते विजेवर चालते. ऐन वेळी वीज गेली की व्यर्थ. त्याचे भांडे व मुखवटा धुऊन वाळविले नाहीत, तर जंतूही छातीत शिरतात. वस्तुतः पुष्कळ रुग्णांना स्पेसरसह घेतलेला साधा इनहेलर तितकाच गुणकारी ठरतो. मात्र त्याची रीत शिकविणारे कोणी हवे.

आणि ही छाती मुळात पोखरली कशाने? केवळ विडीने नव्हे. गृहिणीची चुलीच्या धुराने, गिरणीकामगाराची कापसाच्या धुळीने. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. धुळीने जडलेली धाप मात्र कामगाराबरोबर घरी आली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी दिली. पण पुढचा सिलिंडर घेण्यास पैसे नसतील तर चूल पुन्हा पेटतेच.

धंद्याने आणि दारिद्र्याने दिलेल्या रोगाचा खर्च रोग्याने एकट्याने सोसावा, हा न्याय नव्हे. प्रत्येक आरोग्यकेंद्रात इनहेलर व स्पेसर विनामूल्य मिळावेत आणि ते वापरण्याचे शिक्षणही मिळावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव लावून धरली पाहिजे.