न उघडणारी खिडकी

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून सोने-चांदी गाळण्याचे कसब घेऊन बाहेर पडलेले गलाई कारागीर देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले आहेत. चेन्नईच्या साहुकारपेठेसारख्या सराफी भागातही मराठी बोल कानी पडतात ते या मंडळींमुळे. पूर्वी गावाकडची खबर पत्राने येई आणि अगदीच निकडीची असेल तर तारेने. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, परंतु त्याच्या आधीच तिची जागा मोबाइलने घेतली होती. आज अशा एखाद्या पेढीवर भट्टीपासून चार हात दूर एक संगणक असतो आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅपची खिडकी दिवसभर उघडी असते. सराफाने पाठवलेला मालाचा तपशील, भावाची चौकशी, पावतीचे छायाचित्र, गावाकडच्या आजारी वडिलांची खुशाली, सारे त्याच खिडकीतून आत येते.

आणि एका सकाळी ती खिडकी उघडतच नाही. पांढरा पडदा दिसतो, मधोमध एक चकती फिरत राहते, किंवा काहीच घडत नाही.

अशा वेळी माणूस काय करतो, हे पाहण्याजोगे असते. तो त्याच चिन्हावर दहा वेळा टिचकी मारतो. मग संगणक बंद करून चालू करतो. त्यानेही भागले नाही की शेजारच्या दुकानातील ‘कळणाऱ्या’ मुलाला हाक मारतो, आणि तो मुलगा पुष्कळदा एकच सल्ला देतो, ‘सगळे पुसून नव्याने टाका.’ यापुढची पायरी मात्र घातक आहे. इंटरनेटवर ‘ग्राहक सेवा’ असे शोधून जो दूरध्वनी क्रमांक प्रथम दिसेल तो फिरवला जातो. पलीकडचा गोड आवाज एक छोटे साधन संगणकावर उतरवून घ्यायला सांगतो आणि त्या साधनातून दूर बसलेल्या परक्या माणसाच्या हाती सारा संगणक जातो, बँकेच्या व्यवहारांसकट. या रीतीने फसलेल्यांची संख्या लहान नाही. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि फसवणूक ध्यानात येताच तो फिरवला पाहिजे, कारण पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडवण्याची संधी तेवढ्याच काळात असते. जो कारागीर समोर आलेला सोन्याचा तुकडा कसाच्या दगडावर घासल्याशिवाय खरा मानीत नाही, त्याने अनोळखी आवाजावर मात्र तत्काळ विश्वास ठेवावा, हे विचित्र नव्हे काय?

बिघाड शोधण्याची कला ही वास्तविक कस लावण्याचीच कला आहे. तिचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे : हे माझ्या एकट्याच्याच वाट्याला आले आहे की सर्वांच्या? ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री, भारतीय वेळेनुसार नऊनंतर, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर बंद पडले व सुमारे सहा तास बंद राहिले. कारण कोणाच्या घरच्या संगणकात नव्हते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीची माहिती-केंद्रे आपसांत तुटली आणि इंटरनेटला त्यांचा पत्ताच सापडेनासा झाला. त्या रात्री किती जणांनी आपले यंत्र विनाकारण उलटेपालटे केले असेल! पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर २०२२ रोजी दुपारी, ऐन दिवाळीच्या दिवसांत भारतात व्हॉट्सअ‍ॅप सुमारे दोन तास ठप्प झाले. योगायोग असा की त्याच दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण होते. ग्रहणाचे वेध यंत्रालाही लागतात, असा विनोद करण्याची सोय झाली. अशा वेळी दुसऱ्या गावच्या नातलगाला साधा फोन करून ‘तुमच्याकडे चालते का’ एवढे विचारणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

गर्दीमुळेही दार अडते. चेन्नईच्या झोहो या कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये ‘अरट्टै’ नावाची संदेशसेवा आणली. तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पा. सप्टेंबर २०२५ मध्ये देशी साधनांचा पुरस्कार होऊ लागला, तेव्हा तीन दिवसांत तिची रोजची नवी नोंदणी तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी जाहीर केले. शंभर पाहुण्यांच्या पंगतीला दहा हजार पाने मांडावी लागली, तर यजमान कितीही तत्पर असला तरी वाढप रेंगाळणारच.

दुसरा प्रश्न वाटेचा. खिडकी उघडत नाही म्हणजे खिडकीच बिघडली असे नाही. तिच्यापर्यंत येणारा रस्ता खचला असू शकतो. चेन्नई हे समुद्राखालून येणाऱ्या केबलींचे देशातील एक मोठे बंदर आहे. सिंगापूरकडे जाणारी केबल येथून निघते, आणि अंदमानपर्यंतची सुमारे २,३०० किलोमीटरची केबल ऑगस्ट २०२० मध्ये येथूनच सुरू झाली. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ या शहरावर आदळले. झाडे व विजेचे खांब उन्मळून पडलेच. शिवाय केबलला हानी पोहोचल्याने अनेक ग्राहकांचे इंटरनेट मंदावले. वाटेची पारख करणे अवघड नाही. दुसरे एखादे संकेतस्थळ उघडते का ते पाहावे. तेही उघडत नसेल तर दोष जोडणीत आहे. ते उघडत असेल, तर संगणक काही क्षण मोबाइलच्या इंटरनेटशी जोडून पाहावा. तेवढ्याने संदेशाची खिडकी उघडली, तर पेढीच्या जोडणीतच कोठेतरी अडसर आहे हे उघड होते.

हे दोन्ही प्रश्न निकाली निघाल्यावरच आपल्या यंत्राकडे वळावे. येथे कारणे अनेक, पण बहुतेक क्षुल्लक. कधी कार्यक्रम दिसत नसला तरी आत अर्धवट चालू राहिलेला असतो. चालू कामांच्या यादीत जाऊन तो पूर्ण बंद केला की पुन्हा नीट उघडतो. कधी संगणकाची साठवणूक काठोकाठ भरलेली असते. कधी मोबाइलशी असलेला दुवा तुटलेला असतो, कारण मुख्य मोबाइल चौदा दिवसांहून अधिक काळ वापरला नाही, तर व्हॉट्सअ‍ॅप जोडलेले संगणक आपोआप वेगळे करते. मालक गावी यात्रेला गेला आणि तेथे त्याचा फोन बंद राहिला, तर चेन्नईतली खिडकी मिटते. कधी संगणकाची मूळ प्रणालीच जुनी झालेली असते. विंडोज सातला मिळणारी सुरक्षेची मदत १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि विंडोज दहाचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; नवे कार्यक्रम जुन्या घरात कायम नांदतीलच असे नाही.

पण या सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण घड्याळाचे आहे. संगणकाच्या पोटात रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते. संगणक बंद असतानाही वेळ मोजत राहणे तिच्यामुळे शक्य होते. काही वर्षांनी ती मरते. मग वीज गेली की संगणकाचे कॅलेंडर कित्येक वर्षे मागे जाते. संदेश-सेवेशी सुरक्षित बोलणे सुरू करताना संगणक समोरच्याचे प्रमाणपत्र तपासतो, आणि त्या प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. ज्याच्या घड्याळात दहा वर्षांपूर्वीचे साल आहे, त्याला आजचे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही असे वाटते. तो प्रामाणिकपणे दार लावून घेतो! माणूस मात्र इंटरनेट कंपनीला दूषणे देत बसतो. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख एकदा वाचली असती, तर काही रुपयांच्या बॅटरीत काम भागले असते.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो. ज्याचे काम सोने गाळण्याचे, त्याने संगणकाचे आतडे-कोथळे का जाणून घ्यावे? त्यासाठी तंत्रज्ञ आहेत. आक्षेप अगदीच निराधार नाही. चुकीची टिचकी मारून माहिती घालवण्यापेक्षा जाणत्याला बोलावणे केव्हाही बरे. तथापि तंत्रज्ञाला बोलावण्यासाठीही काय घडले ते सांगता यावे लागते. ‘चालत नाही’ एवढ्या दोन शब्दांवर वैद्यही औषध देऊ शकत नाही. केव्हापासून चालत नाही, त्याआधी काय बदलले होते, पडद्यावर कोणते शब्द आले, हे ज्याला सांगता येते त्याची अडवणूक करणे कठीण असते. जो सांगू शकत नाही, त्याच्याकडून नव्या संगणकाचे पैसेही घेतले जातात.

पडद्यावरचे शब्द पुष्कळदा इंग्रजीत असतात आणि तेथेच अर्धी माणसे हार खातात. या बाबतीत तमिळ भाषकांची चिकाटी वाखाणण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये चेन्नईत तमिळ संगणकनावर परिषद भरली आणि तीतून ‘तमिळ ९९’ हा कळफलकाचा मानक आराखडा पुढे आला. मराठीतही कळफलक आहेत, मजकूरही आहे. परंतु यंत्र अडले असता काय करावे, हे सोप्या मराठीत सांगणारे साहित्य अजून तोकडेच आहे. परदेशी अथवा परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाला त्याची गरज अधिक, कारण त्याला शेजाऱ्याची भाषाही पुरती अवगत नसते.

तोवर एक वही पुरेशी आहे. तारीख, दिसलेला संदेश जसाच्या तसा, आणि केलेला उपाय, एका वेळी एकच. चार उपाय एकदम केले, तर खिडकी उघडली तरी कशाने उघडली ते कळत नाही. त्या वहीच्या पहिल्या पानावर दहा महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक शाईने लिहिलेले असावेत. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईच्या मोठ्या भागातील वीज गेली, फोन मुके झाले, विमानतळ बंद पडला. २ डिसेंबर रोजी तर ‘द हिंदू’ हे दैनिक १८७८ पासून प्रथमच शहरात छापून निघू शकले नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते. त्या दिवशी संगणकावरची कोणतीच खिडकी उपयोगाची नव्हती आणि तो बिघाड संगणकाचा नव्हता.