गोचीड ताप : एकट्या गोठ्याची लढाई नव्हे

पावसाने सोयाबीन हातचे गेले की हिंगोली जिल्ह्यातील अनेक कोरडवाहू शेतकऱ्यांना दुधाच्या पैशाचाच आधार उरतो. त्यासाठी कर्ज काढून संकरित गाय घेतली जाते. मात्र थायलेरियासिस अर्थात गोचीड तापाचा धोका याच गाईला अधिक असतो. तीव्र ताप, सुजलेल्या गाठी, रक्तक्षय, आटलेले दूध आणि उपचारास विलंब झाल्यास मृत्यू, असा हा क्रम आहे. मराठवाड्याची लाल कंधारी गाय या रोगास अधिक तोंड देते. परंतु तिचे दूध कमी.

उपाय उपलब्ध आहेत. ब्युपारव्हाकोनचे इंजेक्शन वेळीच दिल्यास जनावर वाचू शकते, पण ते महागडे आहे. संकरित वासरांसाठी भारतीय बनावटीची लसही आहे. खरी अडचण गोचिडीच्या जीवनक्रमात आहे. एक मादी हजारो अंडी घालते, तीही गोठ्याच्या भेगांत. एकाने फवारणी केली तरी शेजारच्या गोठ्यातून आणि सामायिक गायरानातून गोचिडी परततात.

२०२२ मध्ये लम्पीच्या साथीत राज्यभर मोफत लसीकरण झाले. गोचीड तापाबाबतही तशीच सामूहिक मोहीम हवी. पावसाळ्यापूर्वी संपूर्ण गावाने एकाच वेळी गोठ्यांच्या भेगा बुजवून फवारणी करावी आणि उरलेली अंडी उबतात म्हणून ती पुन्हा करावी. ग्रामपंचायत व पशुवैद्यकीय दवाखान्याने पुढाकार घेतल्याशिवाय हे घडणार नाही.