हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

अलीकडे आपल्या सीमाभागातील मध्यमवर्गीय घरांत एक नवी रीत रुजू पाहते आहे. मुलाच्या वाढदिवसाच्या निमंत्रणावर तळाशी ओळ असते : ‘कृपया भेटवस्तू आणू नयेत, त्याऐवजी अमुक संस्थेस देणगी द्यावी.’ रीत दिसायला मोठी सात्त्विक. तिला नावे ठेवणारा कंजूष तरी ठरतो, नाहीतर नतद्रष्ट तरी. तो धोका पत्करून मी म्हणतो, की बहुतेक घरांत हे दान नव्हेच. हे हलवायाच्या घरावर ठेवलेले तुळशीपत्र आहे.

दान म्हणजे आपल्या वस्तूवरचा हक्क आपण होऊन सोडणे. इथे हक्क कोणाचा होता? मुलाचा. सोडला कोणी? आईबापांनी. पावती फाटली कोणाच्या नावावर? वडिलांच्या. आणि कौतुक? तेही त्यांचेच. आठ वर्षांच्या पोराच्या वाट्याला काय आले, तर रंगीत खोक्याऐवजी एक भाषण! हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ साली झाला. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे अज्ञान मुलाची स्थावर मिळकत बापालासुद्धा न्यायालयाच्या परवानगीवाचून दान करता येत नाही. हे कलम घर-जमिनीपुरते बोलते, सायकलीविषयी बोलत नाही, हे खरे. पण मुलाचे ते मुलाचे, हा त्यामागचा विचार सायकलीलाही लागू व्हायला हरकत नसावी.

‘‘अहो सर, मुलांवर संस्कार नकोत का?’’ असे कोणी विचारील. अवश्य हवेत. पण स्वतःच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची जेवणावळ रद्द करून तो पैसा संस्थेला दिल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात मोजकी, आणि पोराच्या भेटी वळवल्याची पुष्कळ. असे का? संस्कार दरवेळी घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या खर्चानेच का व्हावेत?

ही झाली देणाऱ्याची बाजू. घेणाऱ्याची बाजू मला अधिक जवळून दिसते, कारण मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. जून उजाडला, की विचारणा सुरू होते : ‘‘सर, मुलीचा वाढदिवस आहे. तुमच्याकडच्या गरीब मुलांना वह्या वाटाव्यात म्हणतो. प्रार्थनेच्या वेळी दहा मिनिटे द्याल का?’’ विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांची मुले इंग्रजी माध्यमात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माध्यम निवडणे ज्याच्या त्याच्या हाती आहे. पण आजोबा ज्या शाळेत शिकले, त्या शाळेची पायरी नातवंडाने चढायची ती फक्त वाटप करायला, हे मनाला लागते. रांगेतून नाव पुकारलेला मुलगा पुढे येतो, वही घेतो, फोटो निघतो, आणि याच्या घरी वहीला पैसे नाहीत हे साऱ्या शाळेला कळते. त्या मुलांपैकी कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या घरी कानडी. खाली घातलेली मान मात्र सारखीच. मी ती दहा मिनिटे देत नाही. ‘‘वह्या कार्यालयात ठेवा, आम्ही पोहोचवू,’’ म्हणतो. काही जण ठेवून जातात, काही पुन्हा फिरकत नाहीत. कोणाला द्यायचे होते आणि कोणाला दिसायचे होते, ते तिथेच कळते.

बालगृहांत तर हे कायद्यातही बसत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ याच्या ७४ व्या कलमाने तेथील मुलांची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी केक कापतानाचे फोटो त्याच रात्री मोबाईलवरून गावभर फिरतात.

दान कसे करावे, हे आपल्या लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, तेव्हा मागणे एवढेच होते, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. त्या फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, ते स्वतःच्या अंगावरचे. पैसा असो की सोने, ज्याचे होते त्याने दिले.

म्हणून सांगतो, भेट मुलाला मिळू द्या. पाकिटातले पैसे त्याच्या हाती ठेवा. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतः चालवता येईल असे बचत खाते काढता येते. ते काढून द्या. त्यातून द्यायचे की नाही, किती आणि कोणाला, हे त्याला ठरवू द्या. त्याने दहा रुपये दिले तर ते त्याचे दान. काहीच दिले नाही, तर रागावू नका. तुम्ही काय करता ते तो पाहतोच आहे. तुम्हाला द्यायचे ते तुमच्या पगारातून द्या, आणि गुपचूप द्या.

आणि मराठी शाळेसाठी काही करायचेच असेल, तर मुलाला वह्यांचा गठ्ठा देऊन पाठवू नका. शनिवारी दुपारी आमच्या मैदानावर कबड्डी असते. रिकाम्या हाताने पाठवा.